कोर्ट नाका, आईची सही आणि नोटरीची वही

बाबा ९ मे २०२५ ला गेले. दिवसकार्य आटपलं, पाहुणे परतले आणि ८ जूनच्या रविवारी मी सोसायटीच्या ऑफिसात विचारायला गेलो की ठाण्यात नौपाड्यातला आमचा फ्लॅट आता आईच्या नावावर करायचा तर काय काय लागतं. फ्लॅटसाठी सोसायटीने दिलेलं शेअर सर्टिफिकेट एकट्या बाबांच्या नावावर, नॉमिनी आई, वारस आम्ही तिघं, आई, मी आणि न्यू जर्सीतली ताई. भांडण नाही, कर्ज नाही, म्हटलं दोन आठवड्यांचं काम असेल. शेवटी सर्टिफिकेट हातात पडलं १२ ऑक्टोबरला. मधल्या चार महिन्यांत जे काही घडलं ते लिहून ठेवतोय, कारण त्यातले निम्मे दिवस फक्त माझ्या अडाणीपणामुळे गेले आणि नोटरी या प्रकाराबद्दल माझ्यासारखीच समजूत असलेले बरेच जण असणार.

सेक्रेटरी काका बँकेतून रिटायर झालेले, त्यामुळे यादी तोंडपाठ. मृत्यूचा दाखला, अर्ज, मूळ शेअर सर्टिफिकेट, आईचं वारसांबद्दलचं अफिडेव्हिट (शपथेवरचं प्रतिज्ञापत्र), इंडेम्निटी बाँड (पुढे कुणाचा दावा निघाला तर भरपाईची हमी), माझी आणि ताईची एनओसी, म्हणजे ना हरकत पत्र. वर म्हणाले, "सगळं नोटराइज्ड हं." मी मान डोलावली. नोटराइज्ड म्हणजे कोर्ट नाक्यावर जाऊन शिक्का मारून आणायचा, एवढं तर कुणालाही माहीत असतं.

(मृत्यूच्या दाखल्याच्या प्रती महापालिकेतून काढताना एकदम दहा काढा. मी चार काढल्या होत्या, बँक, एलआयसी, पेन्शन आणि गॅस यातच संपल्या.)

१६ जून, सोमवार. हाफ डे टाकून कोर्ट नाक्याला गेलो. पाऊस मरणाचा. तुम्ही कधी तिकडून गेला असाल तर माहीत असेल, रस्त्याच्या कडेला ताडपत्रीखाली टेबलं, टाइप करणारे, झेरॉक्सवाले, आणि आपण नुसतं इकडेतिकडे बघितलं तरी "बोला साहेब, अफिडेव्हिट? रेंट अ‍ॅग्रीमेंट?" अशी हाक येते. एका टेबलवाल्याने माझ्याकडून नावं विचारून घेतली, कॉम्प्युटरमध्ये आधीच्या कुणाचा तरी मजकूर उघडला, नावं बदलली, अफिडेव्हिट आणि इंडेम्निटी बाँड दोन्ही पाच-पाचशेच्या स्टॅम्प पेपरवर छापून माझ्या हातात ठेवले. पंचवीस मिनिटं. मी खूश.

स्टॅम्पबद्दल जाता जाता सांगतो. ऑक्टोबर २०२४ पासून महाराष्ट्रात १००-२०० चे स्टॅम्प बऱ्याच कागदांना चालत नाहीत, ५०० चा लागतो. पण जात, उत्पन्न, रहिवासी वगैरे दाखल्यांसाठी सरकारी ऑफिसात द्यायचं प्रतिज्ञापत्र असेल तर स्टॅम्प माफ आहे, साध्या कागदावर होतं. माझ्या मागे उभी असलेली एक मुलगी कॉलेजच्या दाखल्यासाठी पाचशेचा स्टॅम्प घेत होती, तिला तेव्हा सांगता आलं नाही कारण मलाच माहीत नव्हतं. आमचा कागद सोसायटीसाठी, सोसायटी म्हणजे सरकारी ऑफिस नव्हे, म्हणून आम्हाला पाचशे पडणारच होते. आणि स्टॅम्प आधीच घेऊन ठेवू नका, विकत घेतल्यापासून सहा महिन्यांत वापरावा लागतो.

टेबलवाल्याने विचारलं, "आई आल्यात?" म्हटलं नाही, गुडघे दुखतात तिचे, बहात्तर वर्षांची आहे. "मग घरून सही घेऊन या, काही प्रॉब्लेम नाही." मला तर देवमाणूसच भेटल्यासारखं वाटलं. आईने डायनिंग टेबलवर, चष्मा शोधत, मी बोट ठेवलं तिथे सह्या केल्या. बुधवारी १८ तारखेला कागद परत नेले, टेबलवाला ते घेऊन बाजूच्या गल्लीत गेला, दहा मिनिटांत शिक्के मारून आला. नोटरी कोण, कुठे बसतात, बाई की पुरुष, मला आजही माहीत नाही. स्टॅम्पचे १००० धरून एकूण १९०० रुपये झाले.

रविवारी २२ जूनला सेक्रेटरी काकांनी कागद उजेडाकडे धरला. मग ड्रॉवरमधून भिंग काढलं. मला वाटलं नाटक करतायत. त्यांनी गोल शिक्क्यावर बोट ठेवलं, म्हणाले, "वाच." शिक्क्यात नोटरीचं नाव, रजिस्ट्रेशन नंबर, कार्यक्षेत्र आणि खाली बारीक अक्षरात मुदत. मुदत संपलेली एप्रिल २०२५ ला. शिवाय रजिस्टरचा अनुक्रमांक लिहायची जागा कोरी. "म्हणजे वहीत नोंदच नाही. हे घेऊन उद्या कुणी कोर्टात गेलं तर तो नोटरी सांगेल मी ओळखत नाही या बाईंना. आणि खरंच, ओळखतच नाही ना तो."

भयंकर राग आला, पहिल्यांदा काकांचा, मग टेबलवाल्याचा, आणि रात्री झोप येईना तेव्हा स्वतःचा. त्याच रात्री फोनवर नोटरीचा कायदा वाचून काढला. नोटरीज अ‍ॅक्ट १९५२ चा, नियम १९५६ चे. फार मोठे नाहीत, वाचून होतात. नोटरी व्हायला दहा वर्षं वकिली लागते, महिला आणि अनुसूचित जाती-जमाती, ओबीसी यांना सात वर्षं. नेमणूक केंद्र सरकार करतं किंवा राज्य सरकार, प्रॅक्टिसचं सर्टिफिकेट पाच वर्षांचं, मग नूतनीकरण. प्रत्येक नोटरीला कार्यक्षेत्र ठरवून दिलेलं, शिक्का कसा आणि केवढा असावा तेही नियमात, आणि प्रत्येक कामाची नोंद ठेवायचं रजिस्टर बंधनकारक. फीचे दर ऑफिसात आत आणि बाहेर दिसतील असे लावायचे. शेवटचं वाचून मला त्या ताडपत्रीखालच्या टेबलाची आठवण झाली.

मग ऑफिसातल्या एकीने तिच्या माहितीच्या एक नोटरी मॅडम सुचवल्या. कोर्ट नाक्याजवळच, एका जुन्या बिल्डिंगच्या पहिल्या मजल्यावर, लिफ्ट नाही, जिना असा की आपणच कठडा धरून चढावं. २८ जून, शनिवार. बाहेर दरांचा बोर्ड खरंच होता. मी जुने कागद पुढे केले आणि म्हटलं, मॅडम हेच परत टाइप करून द्या, आईची सही मी घरून आणतो.

"आई कुठे आहेत?"

"घरी. गुडघे दुखतात."

"मग मी नोटरी कशाची करू?"

मी म्हटलं मॅडम आधार कार्ड आहे, फोटो आहे, व्हिडिओ कॉल लावतो हवं तर. त्या शांतपणे म्हणाल्या, "हे बघा, कागदात लिहिलंय ते खरं की खोटं याची जबाबदारी सही करणाऱ्याची. मी फक्त एवढं सांगते की ही बाई या तारखेला माझ्यासमोर आली, मी ओळख पटवली, तिला मजकूर समजला, तिने शपथ घेतली आणि माझ्यासमोर सही केली. आता त्या आल्याच नाहीत तर माझ्याकडे सांगायला काय उरलं?" तोपर्यंत मी शिक्का विकत घ्यायला निघालो होतो. तिथे विकायला होती ती साक्ष, हे त्या जिन्यावरून उतरताना डोक्यात शिरलं.

आमच्याआधी एक जोडपं बसलं होतं. दोघांचं ठरलेलं, स्टॅम्प पेपरवर लिहून घटस्फोट करून द्या म्हणत होते. मॅडमनी सरळ नाही सांगितलं, नोटरी लग्न लावू शकत नाही आणि मोडूही शकत नाही, केंद्राच्या कायदा खात्याने ऑक्टोबर २०२४ मध्ये तसं पत्रकच काढलंय, फॅमिली कोर्टात जा. त्या मुलाचं म्हणणं, बाहेर एक जण दोन हजारात करून देतोय. "करून देईल हो. पण तुमचं लग्न तसंच राहील." मुलगी जी उठली ती त्याच्यासाठी न थांबता जिना उतरून गेली.

आमचं ठरलं ते असं. नोटरीला पक्षकाराकडे जाता येतं, नियमात त्यासाठी प्रवासभत्त्याची सोय आहे, पण मॅडमना पुढचे दोन आठवडे नौपाड्यापर्यंत यायला वेळ नव्हता. त्या म्हणाल्या आईंना रिक्षातून आणा, खाली झेरॉक्सच्या दुकानात बसवा, मी रजिस्टर घेऊन खाली येते. कुणाचे आईवडील अंथरुणाला खिळलेले असतील तर नोटरीला आधी फोन करून घरी येता का हे नक्की विचारा, लाजू नका.

मधल्या आठवड्यात अजून एक भानगड निघाली. बाबांच्या नॉमिनेशन फॉर्मवर आईचं नाव सुलोचना, आधारवर सुलभा. लग्नात नाव बदललं १९७९ ला, पण बाबा कधी हे लिहायचे कधी ते. सोसायटीतल्या एकाने सांगितलं गॅझेट करा, म्हणजे नाव सरकारी राजपत्रात छापून घ्या. मॅडम म्हणाल्या गॅझेट नाव बदलायला, इथे कुणाला काही बदलायचं नाही, दोन्ही नावांची बाई एकच आहे एवढंच सांगायचंय, त्याला अफिडेव्हिट पुरतं, काही जुना पुरावा असेल तर जोडा. त्या काळात लग्न कोण रजिस्टर करायचं! पुरावा म्हणून सापडली लग्नपत्रिका, आईच्या ट्रंकेत, पैठणीच्या घडीत. "चि. सौ. कां. सुलोचना" आणि मागच्या बाजूला आत्याच्या अक्षरात, "सुलभा ठेवलं". ती झेरॉक्स करताना दुकानदाराने आधी पूर्ण वाचली.

५ जुलै, शनिवार, दुसऱ्या दिवशी आषाढी. आईला त्यापायी साबुदाणा भिजवायची घाई. स्टेशनजवळ ट्रॅफिक, रिक्षा इंच इंच सरकत होती. झेरॉक्सवाल्याने स्टूल बाजूला सारून खुर्ची दिली, पंखा तिच्याकडे वळवला. मॅडम एक लांबलचक जाडजूड रजिस्टर काखेत धरून खाली आल्या.

त्यांची पद्धत अशी की मजकूर आधी साध्या कागदावर काढायचा, सही करणाऱ्याने वाचायचा, मगच स्टॅम्प पेपरवर छापायचं. मला हे उगाच वेळकाढूपणा वाटलं होतं. आईला इंग्रजी अक्षरं वाचता येतात पण असला मजकूर नाही कळत, म्हणून मॅडम तिच्या शेजारी स्टुलावर बसल्या आणि एकेक वाक्य मराठीत सांगायला लागल्या. काकू, इथे लिहिलंय तुमचे पती अमुक तारखेला वारले. बरोबर? हो. इथे लिहिलंय फ्लॅट त्यांच्या नावावर होता. हो. इथे लिहिलंय त्यांच्या मागे तुम्ही आणि तुमचा मुलगा एवढेच वारस आहात, दुसरं कुणीही नाही.

आई म्हणाली, "आणि माझी मुलगी?"

झेरॉक्स मशीनचा आवाज तेवढा चालू होता. मॅडमनी माझ्याकडे बघितलं. मी कागद घेतला आणि वाचला, म्हणजे खरं तर पहिल्यांदाच वाचला. टेबलवाल्याने ज्या कुणाचा मजकूर उघडला होता त्यांना एकच मुलगा असणार. त्याने नावं बदलली, वाक्य तसंच ठेवलं. मी तो कागद आईकडून सही करून घेतला, शिक्के मारून घेतले, सोसायटीत नेला, आणि वर "हेच परत टाइप करा" म्हणून मॅडमच्या टायपिस्टला दिला. शिक्क्याची मुदत संपलेली नसती तर माझ्या आईने शपथेवर सांगितलं असतं की तिला मुलगी नाही. खोटं अफिडेव्हिट हा गुन्हा आहे ते वेगळंच. पण मुलाने बहिणीचं नाव गाळलं, आईची सही घेतली, हे बाहेरून कसं दिसलं असतं याचा विचार करून मला भर पावसाळ्यात घाम फुटला.

मॅडम काही बोलल्या नाहीत. मजकूर दुरुस्त करायला वर पाठवला, अर्धा तास लागला, तोवर आईने झेरॉक्सवाल्याकडून त्याच्या गावची चौकशी केली. मग स्टॅम्पवर छापून आले चार कागद. वारसांचं अफिडेव्हिट, इंडेम्निटी बाँड, नावाचं अफिडेव्हिट आणि माझी एनओसी. परत वाचून दाखवले. मूळ आधार मागितलं, झेरॉक्स नको, मूळ. "जे सांगितलं ते खरं आहे ना काकू, शपथेवर?" आईने देवापुढे जोडावेत तसे हात जोडले. प्रत्येक पानावर सही. मग रजिस्टर उघडलं. अनुक्रमांक, तारीख, नाव-पत्ता, कागद कसला, फी किती, आणि शेवटी सहीचा रकाना. चार ओळी, तीन आईच्या आणि एक माझी. रजिस्टर गुडघ्यावर नीट बसेना, आईचा हात थरथरत होता. तिकीट डकवून शिक्का उमटवला, कागदावर तोच अनुक्रमांक घातला, आणि मजकूर मराठीत समजावून सांगितल्याचा शेरा लिहिला. स्टॅम्प २०००, मजकूर, टायपिंग आणि नोटरी मिळून २४००, पावतीसकट.

तुम्ही कागद हातात घ्याल तेव्हा तिथेच उभं राहून बघा. शिक्क्यावरची मुदत, रजिस्टरचा नंबर, तारीख, प्रत्येक पानावर सही-शिक्का, आणि हाताने काही खोडलं असेल तर त्याशेजारी सही. कोरी जागा सोडलेली असेल तर रेघ मारून घ्या. दोन मिनिटांचं काम आहे. केंद्राने नेमलेल्या नोटरींसाठी सरकारचं नोटरी पोर्टलही आहे, राज्याने नेमलेले वेगळे.

जुने दोन कागद मूळ स्वरूपात माझ्याकडेच परत आले होते, त्यांच्यावर आडव्या रेघा मारून रद्द लिहून ठेवले. फाडू नका म्हणाल्या मॅडम.

त्या रात्री ताईला फोन करून सगळं सांगितलं. न सांगताही चाललं असतं, पण नको वाटलं. पलीकडून काही वेळ आवाजच नाही. मग म्हणाली, "आईला कळलं ना लगेच? बास मग." आणि मग मला पुढचा महिनाभर फोनवर "नसलेली मुलगी बोलतेय" म्हणत होती.

तिच्या एनओसीचं प्रकरण त्या मानाने सरळ, फक्त वेळखाऊ. अमेरिकेत नोटरी व्हायला वकील असावं लागत नाही, तिच्या बँकेच्या ब्रँचमधली एक मुलगीच नोटरी निघाली. पण तिथल्या नोटरीचा शिक्का इथे कोण ओळखणार, म्हणून त्यावर तिथल्या राज्य सरकारकडून अपोस्टिल, म्हणजे शिक्का खरा असल्याचं दुसऱ्या देशात चालणारं प्रमाणपत्र, करून घ्यावं लागतं. भारत २००५ पासून अपोस्टिलच्या आंतरराष्ट्रीय करारात आहे, अमेरिकाही आहे, त्यामुळे चालतं. दुसरा मार्ग भारतीय कॉन्सुलेटमध्ये जाऊन सही करण्याचा, तिला तो लांब पडत होता. मजकूर मी इथून मॅडमकडून करून पाठवला, तिने जुलैत सही केली, कागद ठाण्यात आला १२ ऑगस्टला. बाहेरच्या देशात सही झालेला कागद महाराष्ट्रात आल्यापासून तीन महिन्यांत त्यावर मुद्रांक भरायचा असतो. ते ५०० आम्ही त्याच आठवड्यात भरले, आणि कुरिअरचं पाकीट तारखेच्या पुराव्यासाठी जपून ठेवलं.

१७ ऑगस्टला फाइल दिली. नंतर गणपती, २७ ऑगस्टपासून कमिटीतलं कुणी जागेवर नाही, साहजिक आहे. त्या दिवसांत आरतीनंतर एका कमिटी मेंबरनी सल्ला दिला की एवढे कागद केलेच आहेत तर तू आणि ताई दोघांचं हक्कसोडपत्र पण नोटरी करून टाका, फ्लॅट पूर्ण आईचा. मला पटलंही. मॅडमना फोन केला तर म्हणाल्या मी करणार नाही. स्थावर मालमत्तेतला हक्क सोडायचा तर १९०८ च्या नोंदणी कायद्याप्रमाणे दस्त सब-रजिस्ट्रारकडे नोंदवावाच लागतो, नुसत्या नोटरीने हक्क सुटत नाही. आणि ताई येऊ शकत नसेल तर तिचं मुखत्यारपत्रही त्याच पद्धतीने नीट करून आणावं लागेल. घाई काय आहे, असंही विचारलं. खरंच घाई नव्हती. सोसायटीच्या दप्तरी आईचं नाव लागलं म्हणून आमचा वारसा संपत नाही, नॉमिनी म्हणजे एकटा मालक नव्हे, हिस्से कायद्याने तिघांचे सारखेच. ते तसंच ठेवलंय.

१४ सप्टेंबरला कमिटीत मंजूर झालं. प्रवेश फी १०० आणि ट्रान्सफर फी ५००, बस. वारसाच्या नावावर करताना सोसायटी प्रीमियम (फ्लॅट विकताना ट्रान्सफरसाठी घेतात ती जादा रक्कम) मागत असेल तर देऊ नका, तो कुटुंबातल्या ट्रान्सफरला लागत नाही. सगळा हिशेब मांडला तर १९०० वाया गेलेले धरून ७४०० रुपये, रिक्षा-झेरॉक्स धरा आणि आठ हजाराच्या आसपास, ताईचे डॉलर वेगळे.

१२ ऑक्टोबरला सेक्रेटरी काका स्वतः सर्टिफिकेट घेऊन वर आले. मागच्या बाजूला बाबांच्या नावाखाली आईचं नाव, कंसात दुसरंही. आईने त्यांना चहा दिला, सर्टिफिकेट देवापुढे ठेवलं, परत आली आणि मला हळूच विचारलं, "त्या बाईंच्या वहीत माझी तिसरी सही जरा वाकडी झालीय रे. चालेल ना?"